पहिले औषध निकामी झाल्यावर

मंडळी, पुण्याहून नाशिकच्या रस्त्याला लागलात की कासारवाडीच्या पुढे भोसरी येते, मग मोशी, आणि इंद्रायणी ओलांडली की थोड्या वेळाने चाकण. चाकण म्हटले की शाळेतल्या मुलाला फिरंगोजी नरसाळा आठवतो, शेतकऱ्याला कांद्याचा बाजार आठवतो आणि नोकरी शोधणाऱ्या तरुणाला मोटारींचे कारखाने. मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार-उत्तर प्रदेशातून माणसे इथे येतात, एका खोलीत चौघे-पाचजण राहतात, पाळीपाळीने झोपतात. आज मी तुम्हांला या पट्ट्यातली एक हकीकत सांगणार आहे. ती कारखान्यांची नाही, औषधाची आहे. आणि तीही जिंकलेल्या औषधाची नव्हे, हरलेल्या औषधाची. एच.आय.व्ही.वर दिलेले पहिले औषध चालेनासे झाले तर पुढे काय? दुसरे लागू पडते का? ‘एकदा फेल गेलं म्हणजे संपलंच’ असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. ते कितपत खरे आहे, हे आपण तपासून पाहू.

त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. भोसरीच्या अलीकडे, पवनेच्या काठी पिंपरी आहे. तिथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी त्याला साहाय्य केले आणि १९५५ पासून तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. त्या काळी पेनिसिलिन म्हणजे काय होते, हे आज सांगून पटायचे नाही. न्यूमोनियाचा रोगी, बाळंतज्वराची बाई, पायात खिळा घुसून रक्तात विष भिनलेला गडी, ज्यांच्याबद्दल आशा सोडून द्यायची, ती माणसे उठून बसू लागली. औषधाला हार ठाऊकच नाही, असे लोकांना वाटू लागले.

पण ज्याने पेनिसिलिन शोधले, त्या अलेक्झांडर फ्लेमिंगला तसे वाटत नव्हते. १९४५ च्या डिसेंबरात नोबेल पारितोषिक घेताना त्याने भाषणात एक काल्पनिक गोष्ट सांगितली. एका गृहस्थाचा घसा दुखतो. तो आपल्या मनानेच पेनिसिलिन घेतो, पण थोडेसेच. जंतू मरतील इतके नव्हे, तर त्या औषधाशी सामना कसा करायचा हे जंतू शिकतील इतके. मग ते शिकलेले जंतू त्याच्या बायकोला लागतात. तिला न्यूमोनिया होतो, डॉक्टर तिला पेनिसिलिन देतात, ते लागू पडत नाही आणि ती बाई दगावते. ही गोष्ट लक्षात ठेवा. पन्नास वर्षांनी वेगळ्या रोगाच्या रूपाने ती आपल्या पुण्यात खरी ठरायची होती.

क्षयाच्या बाबतीत हा धडा आणखी लवकर मिळाला. इंग्लंडमध्ये स्ट्रेप्टोमायसिनची पहिली काटेकोर पाहणी १९४८ साली प्रसिद्ध झाली. पहिल्या सहा महिन्यांत रोगी झपाट्याने सुधारले. पण नंतर त्यांतल्या अनेकांच्या थुंकीत स्ट्रेप्टोमायसिनला न जुमानणारे जंतू सापडले, आणि काही वर्षांनी औषध मिळालेले व न मिळालेले यांच्यात फारसा फरक उरला नाही. मग १९५० मध्ये असे दिसले की स्ट्रेप्टोमायसिनबरोबर दुसरे एक औषध जोडीने दिले तर जंतूंना ही पळवाट सापडत नाही. एका औषधातून निसटणारा जंतू दुसऱ्याच्या तावडीत सापडतो. दोन वाटा दोघांनी एकाच वेळी अडवायच्या, असा हा साधा हिशेब आहे.

चाकण-खेडच्या कांदेवाल्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. कांद्यावर फुलकिडे पडले, एक औषध फवारले, कीड गेली. पुढल्या वर्षी तेच औषध, त्याच्या पुढल्या वर्षी तेच, आणि पैसे वाचवायला मात्रा थोडी कमी. चौथ्या वर्षी फवारणी करून पंप खाली ठेवतो न ठेवतो तोच किडे पातीवर हजर! औषध भेसळीचे आहे म्हणून आपण दुकानदाराशी भांडतो. कधी ते खरेही असते. पण बहुधा आपणच सलग चार वर्षे त्या औषधाला पुरून उरणारे किडे निवडून वाढवलेले असतात.

आता एच.आय.व्ही.कडे वळू. हा विषाणू आपल्या रक्तातल्या ज्या पेशी रोगाशी झुंजतात, त्यांच्याच आत शिरतो आणि तिथे आपल्या नकला काढतो. ज्याच्यावर उपचार झालेला नाही अशा माणसाच्या शरीरात रोज सुमारे दहा अब्ज नवे विषाणू तयार होतात, असा अंदाज शास्त्रज्ञांनी १९९६ साली मांडला. या नकला काढणारा कारकून अगदी निष्काळजी! दर दोन-चार नकलांमागे त्याची एखादी चूक होतेच. बहुतेक चुका विषाणूला मारकच ठरतात. पण रोज अब्जावधी नकला आणि इतक्या चुका म्हटल्यावर, औषधाला चुकवणारी एखादी नक्कल त्यात असणारच. औषध तिला निर्माण करत नाही. बाकीच्यांना मारून तिला मोकळे रान मात्र देते.

यावरचे पहिले औषध झिडोव्हुडिन, ज्याला एझेडटी म्हणतात, ते अमेरिकेत १९८७ साली मान्य झाले. ते मुळात १९६४ साली कर्करोगासाठी तयार केलेले आणि बाजूला पडलेले औषध. पहिले काही महिने रुग्णांची प्रकृती सुधारली. पण दोनच वर्षांत त्याला न जुमानणारे विषाणू सापडू लागले, आणि १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या काँकॉर्ड नावाच्या मोठ्या पाहणीत दिसले की लक्षणे नसताना एकट्या एझेडटीने आधीच सुरुवात केली तरी आयुष्य वाढत नाही. क्षयाचा १९४८ चा धडा शास्त्राला दुसऱ्यांदा गिरवावा लागला. मला याचे नवल वाटते. पण मरणाच्या दारात असलेल्या माणसाला ‘थांब, दुसरे औषध निघू दे’ असे कोण सांगणार?

पुढे जे झाले ते आपल्या विषयाचे मूळ आहे. एझेडटी चालेनासे झाले की डॉक्टर त्यात दुसरे औषध घालीत. तेही चालेनासे झाले की तिसरे. कागदावर तीन औषधे दिसत. प्रत्यक्षात विषाणूशी झुंजणारे एकच, नवे. जुनी दोन तर केव्हाच निकामी झालेली. म्हणजे पुन्हा एकट्यालाच रणात पाठवल्यासारखे. १९९६ साली तीन औषधे एकदम सुरू करण्याची रीत आली आणि अमेरिकेत एड्सने होणारे मृत्यू पुढच्या एका वर्षात शेकडा ४७ नी घटले. पण ज्यांनी आधी एकेक औषध जोडत नेले होते, त्यांना या नव्या उपचाराचा लाभ तितका झाला नाही. त्यांच्यासाठी ‘बचाव उपचार’ असा वेगळा शब्द रूढ झाला. आणि त्यातून नियम निघाला तो असा: हरलेल्या औषधात एक नवे मिसळू नये, निदान दोन, जमल्यास तीन नवी, विषाणूला अपरिचित औषधे एकाच दिवशी सुरू करावी. फ्रान्समध्ये या नियमाने, अनेक औषधे निकामी ठरलेल्या १०३ रुग्णांना तीन नवी औषधे एकदम दिली. ४८ आठवड्यांनंतर त्यांतल्या शेकडा ८६ जणांच्या रक्तात विषाणू मोजण्याइतकाही उरला नव्हता. ही गोष्ट २००९ ची आहे. दहा वर्षांपूर्वी याच माणसांना ‘आता काही उपाय नाही’ असे सांगितले गेले असते.

हे झाले परदेशचे. आपल्याकडे काय चालले होते?

भारतात हा विषाणू पहिल्यांदा १९८६ साली मद्रासमध्ये सापडला. १९९२ च्या ऑक्टोबरात भोसरीला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन केली. लोक तिला ‘नारी’ म्हणत. आता तिचे नाव बदलून नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ट्रान्सलेशनल व्हायरॉलॉजी अँड एड्स रिसर्च असे लांबलचक झाले आहे. पण रिक्षावाल्याला विचाराल तर ‘नारी’च विचारा. पिंपरीचा पेनिसिलिन कारखाना आणि भोसरीची ही संस्था यांचा एकमेकींशी काही कारभारी संबंध नाही. मला मात्र त्या एकाच हकिकतीचा पूर्वार्ध आणि उत्तरार्ध वाटतात.

या संस्थेतल्या डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत १९९३ पासून आलेल्या स्त्रियांची तपासणी केली. ती १९९७ साली प्रसिद्ध झाली. त्यात देहविक्रय न करणाऱ्या ३९१ स्त्रिया होत्या; बहुतेक विवाहित, नवऱ्याशिवाय दुसरा पुरुष न पाहिलेल्या. त्यांच्यात शेकडा १३.६ जणींना एच.आय.व्ही. होता. ‘हा रोग अमक्या-तमक्या वस्तीतला’ म्हणणाऱ्यांच्या तोंडावर ही चपराक होती. फ्लेमिंगच्या गोष्टीतली ती बायको आठवली ना? घसादुखी नवऱ्याची, भोग तिच्या वाट्याला.

आणि उपचार? तो होता, पण ज्याच्या खिशात पैसा त्याच्यासाठी. मग घरात जेवढा पैसा, तेवढेच औषध. तीन परवडत नाहीत तर दोन घ्यायची, दोन परवडत नाहीत तर एक. दागिना मोडला की तीन महिने गोळ्या, पैसे संपले की बंद. पुन्हा बरे वाटेनासे झाले की उसनवारी करून सुरू. कुठे तर एकाच्या नावावरच्या गोळ्या नवराबायको वाटून घेत. यात त्या माणसांचा दोष किती धरायचा? कमी मात्रेत फवारणी करणाऱ्या शेतकऱ्याला आपण अडाणी म्हणू शकू कदाचित. बायकोला अर्ध्या गोळ्या देणाऱ्या नवऱ्याला मला तरी तसे म्हणवत नाही. पण विषाणूला दया कुठून असणार? त्याला शिकवणी मिळाली ती मिळालीच.

२००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा वर्षाचा उपचार परोपकारी संस्थांना ३५० डॉलरांत, म्हणजे रोजी एका डॉलरहून कमी किमतीत, देऊ केला. परदेशी कंपन्यांचा त्याच उपचाराचा भाव वर्षाला दहा हजार डॉलरांच्या घरात होता. जगभर या बातमीने खळबळ उडाली. मग १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने आठ सरकारी रुग्णालयांत मोफत उपचार सुरू केला, मुंबईचे जे.जे. त्यांतलेच एक. पुढे पुण्याच्या ससूनमध्ये आणि पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयातही केंद्रे झाली. या केंद्रांना सगळे ‘एआरटी’ म्हणून ओळखतात.

मोफत मिळणाऱ्या त्या पहिल्या फळीच्या औषधांत नेव्हिरॅपिन असे. औषध चांगले, स्वस्त. पण त्याचा एक कच्चा दुवा होता. विषाणूच्या रचनेत एका जागी एक बदल झाला की ते संपूर्ण निकामी होई. चाकणचा किल्ला १६६० साली पन्नासाहून अधिक दिवस झुंजला आणि अखेर एका बुरुजाखाली सुरुंग लागल्यावर पडला, तशीच गत. शिवाय फेल गेल्याचे कळायचे कसे? रक्तातला विषाणू थेट मोजण्याची ‘व्हायरल लोड’ तपासणी महाग, म्हणून ती सरसकट होत नसे. दर सहा महिन्यांनी सीडी-फोर नावाच्या पेशी मोजत, आणि त्या घसरल्या म्हणजे संशय घेत. पण विषाणू आधी वाढतो, पेशी मागाहून घसरतात. कधी कधी वर्ष-दीड वर्ष मागाहून. तेवढ्या अवधीत विषाणू त्याच गोळ्यांच्या देखत आणखी चार गोष्टी शिकून बसे. शेत पिवळे पडल्यावर कीड शोधायला जाण्याचाच हा प्रकार. भारतात ही तपासणी सगळ्यांसाठी नियमाने सुरू झाली ती २०१८ पासून: उपचार सुरू केल्यावर सहा महिन्यांनी, मग बाराव्या महिन्यात, आणि नंतर वर्षातून एकदा.

दुसऱ्या फळीची मोफत औषधे २००८ च्या जानेवारीत मुंबईच्या जे.जे.त आणि चेन्नईजवळच्या तांबरमला सुरू झाली. म्हणजे पहिल्या फळीनंतर जवळजवळ चार वर्षांनी. ती पहिलीपेक्षा कित्येक पट महाग होती आणि सुरुवातीला ती मुख्यत्वे सरकारी केंद्रातच पहिला उपचार घेतलेल्यांसाठी होती. याचा अर्थ कळला का? ज्यांनी जमीन-दागिने विकून खाजगीत औषध घेतले आणि ज्यांचे सगळ्यांत आधी निकामी झाले, तेच दाराबाहेर! हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०१० च्या डिसेंबरात सरकारने ही औषधे सर्व गरजूंना देण्याचे कबूल केले. पुढे तिसरी फळीही कार्यक्रमात आली.

दुसऱ्या फळीचा मुख्य गडी म्हणजे विषाणूची जुळणी अडवणारे औषध, लोपिनाविर किंवा अटॅझानाविर. त्याच्याबरोबर थोडे रिटोनाविर देतात. रिटोनाविर स्वतःही औषधच. पण इथे त्याचे काम वेगळे. आपले यकृत मुख्य औषध लवकर संपवून टाकते, ते काम रिटोनाविर मंद करते, म्हणून थोड्या गोळ्या दिवसभर पुरतात. मुख्य पहिलवान दुसराच. याने फक्त दार धरून ठेवायचे. यातल्या अटॅझानाविरचे तंत्र ब्रिस्टल-मायर्स स्क्विब या अमेरिकन कंपनीकडून मिळवण्याचा करार २००६ साली एम्क्युअर कंपनीने केला, आणि एम्क्युअरचे मुख्यालय तेव्हा कुठे होते? तर भोसरीला. कांदा आणि मोटारी यांच्याइतके हे कोणाला ठाऊक नसते, म्हणून मुद्दाम सांगितले.

आता मुख्य प्रश्न. ही दुसरी फळी लागू पडते का?

आफ्रिकेतल्या पाच देशांत पहिला उपचार निकामी ठरलेल्या १२७७ जणांची पाहणी झाली आणि ती २०१४ साली प्रसिद्ध झाली. या लोकांच्या विषाणूने कोणती औषधे शिकून घेतली आहेत याची महागडी तपासणी न करताच त्यांना दुसरी फळी दिली. म्हणजे आपल्या तालुक्याच्या गावी देता येईल तशीच. ९६ आठवड्यांनी शेकडा ८६ जणांचा विषाणू आटोक्यात होता. हे काही थोडे यश नाही. त्याच पाहणीत एका गटाला दुसऱ्या फळीचे ते एकच जोरदार औषध एकट्याने चालू ठेवायला दिले होते. तिथे आकडा शेकडा ६१ वर उतरला. १९४८ चाच धडा तिसऱ्यांदा!

यात आणखी एक गंमत आहे. पहिल्या फळीतली काही जुनी, निकामी ठरलेली औषधे दुसऱ्या फळीतही मुद्दाम चालू ठेवतात. उदाहरणार्थ लॅमिव्हुडिन. तुम्ही म्हणाल, शिकलेल्या विषाणूला तेच औषध कशाला? तर लॅमिव्हुडिनला चुकवण्यासाठी विषाणूला जो बदल करावा लागतो, त्याने तो स्वतः लंगडा होतो. त्याच्या नकला मंदावतात. औषध चालू असेपर्यंत त्याला लंगडतच राहावे लागते.

पण मला सगळ्यांत विचार करायला लावणारी पाहणी त्याच्या पुढची आहे. भारतासह दहा देशांत, दुसरी फळीसुद्धा निकामी ठरलेली ५४५ माणसे घेतली. या वेळी मात्र प्रत्येकाच्या विषाणूची तपासणी केली. आणि काय आढळले? निम्म्याहून अधिक, २८७ जणांच्या विषाणूवर जुनेच औषध चालण्यासारखे होते! औषध हरलेच नव्हते; ते पोटात पुरेसे जातच नव्हते. या लोकांना तेच औषध पुढे चालू ठेवले, नेमाने घेण्यासाठी मदतही दिली. ४८ आठवड्यांनी शेकडा ४४ जणांचाच विषाणू आटोक्यात आला. उरलेल्यांच्या विषाणूने मात्र खरोखरच औषधे शिकून घेतली होती, किंवा निदान तसा संशय होता. त्यांना नवी औषधे दिली, आणि त्यांच्यात आकडा गेला शेकडा ८७ च्या आसपास.

पाहा कसे उलटे आहे! ज्यांचा विषाणू अधिक हट्टी, ते बरे झाले. ज्यांचा साधा, ते मागे राहिले. कारण असे की विषाणू औषधाला शिकतो तो औषध अंगात असते तेव्हाच. ज्यांचा विषाणू शिकला होता, ती माणसे गोळ्या घेत तरी होती. ज्यांचा शिकला नव्हता, त्यांच्या आयुष्यात गोळी घेण्याच्या आड काहीतरी येत होते, आणि ते ‘काहीतरी’ औषध बदलून दूर होत नाही.

ते काय असते? समजा, चाकणजवळ ठेकेदाराकडे काम करणारा एक कामगार आहे. गोळ्या आणायला केंद्रावर जायचे तर एक हजेरी बुडते. रजेचे कारण काय सांगायचे? या आठवड्यात दिवसपाळी, पुढच्या आठवड्यात रात्रपाळी. ‘रात्री झोपताना एक’ म्हणजे नेमकी केव्हा? पूर्वीच्या एफाव्हिरेंझ या गोळीने गरगरत असे, चित्रविचित्र स्वप्ने पडत. मशीनवर उभे राहायचे म्हणून माणूस पाळीच्या दिवशी ती टाळी. खोलीत सहाजण, गोळ्यांची बाटली कोणी पाहील म्हणून ती ट्रंकेच्या तळाशी. गावी आईचे आजारपण निघाले, पंधरा दिवस गेले, गोळ्या दहा दिवसांच्याच होत्या. आणि मग तपासणीत विषाणू हजाराच्या वर निघाला की कागदावर शेरा: उपचार फेल. शिक्षकहो, परीक्षेच्या दिवशी पूर आल्यामुळे जो मुलगा शाळेत पोचलाच नाही, त्याला आपण नापास म्हणतो का? गैरहजर म्हणतो. इथेही मला तो फरक करावासा वाटतो. निष्काळजी माणसे नसतातच असे नाही. पण आधी पुराची चौकशी करावी.

आजची गोळी यापेक्षा पुष्कळ सोपी आहे. २०१७ पासून रोग कळताच उपचार सुरू करतात, पेशी घसरण्याची वाट पाहत नाहीत. डोल्युटेग्राविर असलेली दिवसाला एक गोळी गेल्या काही वर्षांत देशभर आली. तिला शिकणे विषाणूला फार जड जाते, आणि ती दुसऱ्या फळीतही उपयोगी पडते. पण जड जाते म्हणजे अशक्य आहे असे नाही. शिवाय एकदा शिकलेला विषाणू शरीरातून कधी नाहीसा होत नाही. रानातली हरळी वरून खुरपली तरी खाली काशा राहतात, तसा तो काही पेशींमध्ये निपचित पडून असतो. म्हणूनच बरे वाटले, तपासणीत विषाणू दिसला नाही, तरी गोळी थांबवायची नाही.

आणि गोळी चालू असली, विषाणू दबलेला असला, म्हणजे तो दुसऱ्याला लागत नाही. हे ठरवणाऱ्या मोठ्या पाहणीत भोसरीची ‘नारी’ सहभागी होती. नऊ देशांतली १७६३ जोडपी, प्रत्येकात एकाला एच.आय.व्ही. आणि दुसरा निरोगी. लवकर उपचार दिल्याने जोडीदाराला लागण होण्याचे प्रमाण शेकडा ९६ नी घटते, असे २०११ साली जाहीर झाले. पुढे शेवटपर्यंतचा हिशेब लागला तेव्हा उपचार घेणाऱ्याकडून जोडीदाराला लागण झाल्याची आठच उदाहरणे होती. चार उपचार नुकताच सुरू झालेला, विषाणू अजून दबायचा होता तेव्हाची, आणि चार उपचार निकामी झाल्यानंतरची. दुसऱ्या फळीचा उशीर कोणाला भोवतो, हे त्या चारांत दिसते.

शिक्षकांसाठी एक गोष्ट राहिली. जन्मतः हा विषाणू घेऊन आलेली मुले आता वाढून मोठी झाली आहेत. तेरा-चौदाव्या वर्षी मूल चिडते, ‘मलाच का रोज गोळी?’ म्हणते आणि गोळी खिडकीतून टाकून देते. उपचार निकामी होण्याचे प्रमाण या वयात जास्त असते. वसतिगृहात, आश्रमशाळेत तर गोळी लपवायलाच सगळी शक्ती जाते. २०१७ चा एच.आय.व्ही. आणि एड्सविषयीचा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. अशा मुलाला शाळेत प्रवेश नाकारणे, वेगळे बसवणे किंवा त्याची गोष्ट त्याच्या संमतीवाचून इतरांना सांगणे त्याने बेकायदा ठरवले आहे. पण कायद्याला संध्याकाळच्या आठच्या गोळीची आठवण राहत नाही. ती वसतिगृहाच्या एखाद्या बाईंना, गुरुजींना राहू शकते. कोणाला कळू न देता.

आणि गावाकडे निघालेल्या कामगाराला सांगायचे ते हे. दिवाळीला, सुगीला, की कायमचे. गाव सोडण्याआधी चार दिवस केंद्रावर जा. तुमची हिरवी वही जवळ ठेवा. थोड्या दिवसांसाठी जाणार असाल तर तितक्या गोळ्या जास्त मागा. कायमचे जाणार असाल तर गावाजवळच्या केंद्राचे नाव विचारा आणि आपले नाव तिकडे वर्ग करून घ्या. मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला नेतो तसेच हे आहे. जवळचे केंद्र कुठे ते माहीत नसेल, तर १०९७ या क्रमांकावर फुकट फोन लागतो. नाव न सांगताही विचारता येते.